कडक पंथाविरुद्ध

माझ्याकडे स्पोर्ट्‌स कार आहे.

हे वाक्य मी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत उच्चारलं, की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग पार्किंगमध्ये सात नंबरच्या खांबाजवळ उभ्या असलेल्या हेराल्डकडे बघतो आणि ‘अरे, दूध आणायचं राहिलं’ असं पुटपुटत निघून जातो. संध्याकाळी सात वाजता इतक्या लोकांचं दूध आणायचं कसं राहतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

पण मी कागदोपत्री बोलतो आहे. इंग्लंडात ट्रायम्फ कंपनीनं १९५९ साली हेराल्ड बाजारात आणली. तिचं रूप रेखाटलं मिकेलोत्ती नावाच्या इटालियन कलावंतानं. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स ही कंपनी तीच गाडी ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून आपल्याकडे बनवू लागली. आणि १९६२ साली ट्रायम्फवाल्यांनी याच हेराल्डची चासी थोडी आखूड करून तिच्यावर दोन माणसांची, उघड्या टपाची स्पिटफायर बसवली. स्पिटफायरला सगळं जग स्पोर्ट्‌स कार म्हणतं. म्हणजे नात्यानं ती आमच्या हेराल्डची धाकटी बहीण. धाकटी सिनेमात गेली म्हणून थोरलीनं जन्मभर भांडीच घासायची, हा कुठला न्याय?

आमची हेराल्ड १९६७ सालची. दोन दारं, ९४८ सी.सी.चं इंजिन, वजन आठशे किलोच्या आसपास. बॉनेट उघडायचं म्हटलं की मडगार्डांसकट सगळं तोंडच पुढे कलतं. मगरीनं जबडा वासावा तसं. चारी चाकं आपापली स्वतंत्र उडतात, एकमेकांना विचारत नाहीत. आणि जेमतेम पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती गर्रकन वळते. मुलुंडच्या गल्ल्यांत हा गुण कुठल्याही वेगापेक्षा मोठा.

ही गाडी माझी नव्हे, अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. त्या काळी मध्यमवर्गीयानं गाडीचं स्वप्न बघायचं ठरवलं तर स्वप्नं तीनच होती : ॲम्बॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड. अण्णा भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ड्रॉइंग बोर्डावर जन्म गेलेला माणूस, त्यामुळे १९७४ साली एका पारशी डॉक्टरांची वापरलेली हेराल्ड दिसली तेव्हा त्यांनी इंजिन पाहिलंच नाही. बाजूनं उभं राहून नुसती तिची रेघ पाहिली आणि प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. आई दोन महिने त्यांच्याशी बोलत नव्हती. पहिल्यांदा बोलली ती गाडीत बसल्यावर, आणि म्हणाली, ‘‘जरा हळू.’’

आता आई नाही. अण्णा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पाठीचा एक मणका खचला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना घाटकोपरला फिजिओथेरपीला नेतो. रिक्षात पाठ आपटते आणि टॅक्सीत, त्यांच्या मते, ‘परक्याच्या घरात बसल्यासारखं वाटतं’. म्हणून हेराल्ड. डावीकडची पुढची सीट, पाठीशी एक उशी, मांडीवर कापडी पिशवी. आठवड्यातून दोनदा हा माणूस घराबाहेर पडतो तो एवढाच. हे सगळं सांगितलं, कारण पुढचं भांडण नुसतं नटबोल्टाचं आहे असा तुमचा गैरसमज होऊ नये.

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्यानंतर गाडी माना डोलवू लागली. स्पीडब्रेकरवरून उतरली की एकदा मान हलवायची, पुन्हा हलवायची, तिसऱ्यांदा हलवायची. लग्नाला उतावीळ झालेल्या मुलासारखा होकारावर होकार. घाटकोपरचे आमचे मेस्त्री गेली तीस वर्षं ही गाडी ओळखतात. त्यांनी पुढच्या मडगार्डावर दोन्ही हातांनी दाब दिला आणि सोडला. गाडी खाली, वर, खाली, वर. मग वाकून मागच्या चाकाआड हात घातला आणि तेलानं काळं झालेलं बोट मला दाखवलं.

‘‘साहेब, शॉकअप गेले. चारी.’’

शॉकअप म्हणजे शॉक ॲब्झॉर्बर. आता या वस्तूच्या नावापासूनच माझी तक्रार सुरू होते. ही वस्तू शॉक शोषून घेत नाही. धक्का खाते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यात पडलं की स्प्रिंग दबते आणि गाडीला वाचवते. पण स्प्रिंगला एक खोड असते. एकदा दबली की ती उसळते, उसळली की पुन्हा दबते, आणि तिला कुणी आवरलं नाही तर पुढच्या सिग्नलपर्यंत हेच चालू. आवरायला ठेवलेला जो असतो, तो शॉकअप. एक नळी, नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोकं. दट्ट्या हलायला गेला की तेलाला त्या भोकांतून जिवाच्या करारानं वाट काढावी लागते. त्या खटाटोपात उसळीचा जोर जिरतो आणि त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, गरम लागतो. इंग्रज याला ‘डॅम्पर’ म्हणतात, तेच नाव खरं.

उदाहरण घरातलं देतो. लग्नात मानपानावरून आत्याबाई भडकतात. भडकणं हे स्प्रिंगचं काम, ते त्यांनी करावंच. पण प्रत्येक घरात एक मामा असतात. ते आत्याबाईंना भडकू देतात, पण दुसऱ्यांदा भडकू देत नाहीत. बाजूला नेऊन कॉफी पाजतात, दोन शब्द ऐकून घेतात आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळं शांत. हे मामा म्हणजे चांगला शॉकअप. मामा नसले तर आत्याबाई सत्यनारायणापर्यंत उसळत राहतात. तो झाला मेलेला शॉकअप. आणि मामाच आत्याबाईंपेक्षा ताठ निघाले, त्यांना हूं की चूं करू देईनात, तर सगळा धक्का थेट वधूपित्याच्या छातीवर जातो. तो झाला कडक शॉकअप. माझं भांडण आहे ते या तिसऱ्या मामांशी.

शॉकअप बदलायचे आहेत ही बातमी फुटली आणि सल्लागार जमू लागले. आपल्याकडे आजारी माणसाला आणि नादुरुस्त गाडीला सल्ला फुकट मिळतो.

पहिला सल्ला मेव्हण्याचा : गाडी विकून टाका. मेव्हण्यानं १९९० पासून दुसरा सल्ला दिलेला नाही, त्यामुळे तो कामकाजातून काढून टाकला.

दुसरा सल्ला तळमजल्यावरच्या काकांचा : कुर्ल्याला जा, सी.एस.टी. रोडवर काय मिळत नाही? गेलो. तिथे खरोखरच काय मिळत नाही! एका दुकानदारानं चकचकीत काळ्या रंगाचे चार शॉकअप समोर ठेवले आणि ‘रिकंडिशन, एकदम नवीन’ म्हणाला. रिकंडिशन आणि नवीन हे दोन शब्द एका श्वासात म्हणायला फार मोठं काळीज लागतं. एक उचलून दाबला तर सायकलच्या पंपासारखा आत गेला आणि तिथेच राहिला, झोप लागल्यासारखा. रंग मात्र ताजा होता, माझ्या शर्टाला लागला. जुन्या नळीत नवं तेल भरून वर रंग फासला म्हणजे आतल्या झिजलेल्या झडपा तरुण होत नाहीत. केसांना कलप लावणाऱ्या आम्हा मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

तिसरा सल्ला शेजारच्या निवृत्त इंजिनियरसाहेबांचा. ते म्हणाले, ‘‘अहो, मुलुंडला राहून शॉक ॲब्झॉर्बर शोधता? गंगेत राहून पाणी शोधण्यासारखं आहे!’’ आणि हे खरंच आहे. गॅब्रिएल इंडिया ही शॉक ॲब्झॉर्बर बनवणारी कंपनी १९६१ साली सुरू झाली ती मुलुंडलाच. त्याच साली मद्रासला हेराल्ड बनू लागली, हा योगायोग मला फार आवडतो. या गॅब्रिएलचं अमेरिकेतलं मूळ तर त्याहून गमतीचं. क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर नावाच्या गृहस्थानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीसाठी एक सुरेल भोंगा काढला, त्याला तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचं नाव दिलं गॅब्रिएल, आणि मग भोंग्यावरून तो धक्के आवरण्याकडे वळला. म्हणजे आधी आवाज, मग शांती. आमच्या उपनगरात अजून पहिलाच टप्पा चालू आहे. पण मुलुंडचा हा सगळा इतिहास पाठीशी असूनही, मद्रासला बंद होऊन पन्नास वर्षं झालेल्या गाडीचे शॉकअप मी विचारलेल्या एकाही दुकानात नव्हते. दुकानदाराचाही दोष नाही. आमच्यासाठी तो किती दिवस फळी अडवून ठेवणार?

आणि चौथा सल्ला माझ्या भाच्याचा. हा अंधेरीला राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे आणि कडक पंथाचा निष्ठावंत अनुयायी आहे.

कडक पंथाचं तत्त्वज्ञान थोडक्यात असं : गाडी जितकी कडक तितकी चांगली. मऊ गाडी म्हाताऱ्यांची, कडक गाडी मर्दांची. शर्यतीच्या गाड्या कडक असतात, म्हणून कडक गाडी ही शर्यतीची गाडी असते. पैलवान लंगोट लावतात, म्हणून लंगोट लावला की माणूस पैलवान होतो, त्यातलाच हा तर्क.

‘‘मामा, तू स्पोर्ट्‌स कार म्हणतोस ना? मग स्पोर्टचेच घाल,’’ भाचा म्हणाला. ‘‘स्पिटफायरला बसणारे मिळतात बाहेर. गॅसवाले, ॲडजस्टेबल. बारा क्लिक!’’

आता कबूल करतो. ‘तू स्पोर्ट्‌स कार म्हणतोस ना’ या पाच शब्दांनी माझा घात झाला. साठी ओलांडलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी स्पोर्ट्‌स कारवाला म्हणून वागवत होतं. मी मेस्त्रींना न विचारता होकार दिला. अंधेरीच्या एका वर्कशॉपनं ते शॉकअप मागवले. लाल भडक रंग, बाजूला एक छोटी कळ. किंमत बायकोला सांगितली ती अर्धी, आणि त्या अर्ध्या किमतीवरच ती म्हणाली, ‘‘अहो, एवढ्यात अण्णांसाठी नवीन पलंग आला असता.’’ तिथल्या पोरानं शॉकअप बसवले, बाराच्या बारा क्लिक कडक केले आणि म्हणाला, ‘‘अंकल, अब मजा आयेगा.’’

विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य केलंच पाहिजे. मजा आली. रविवारी सकाळी सहा वाजता वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, नव्यानं डांबर घातलेल्या पट्ट्यात, हेराल्ड रुळावरून चालल्यासारखी चालली. वळणावर झुकेना, ब्रेक लावला तर नाक खाली घालेना. मी अंधेरी ते बोरिवली शीळ घालत गेलो. कडक पंथाला लोक का लागतात हे मला त्या दिवशी कळलं. गुळगुळीत रस्ता, मोकळी सकाळ आणि गाडीत एकटा माणूस, एवढ्या तीन गोष्टी जमल्या तर त्या पंथासारखा पंथ नाही.

मग मंगळवार आला.

मुलुंड ते घाटकोपर हा लालबहादूर शास्त्री मार्ग. शास्त्रीजी साधे गृहस्थ होते, त्यांनी कुणाचं वाकडं केलं नव्हतं. मेट्रोचे खांब, खांबांशेजारी खणून बुजवलेले चर, चरांवर बसवलेले पेव्हर ब्लॉक आणि त्यातले निम्मे रुसून वर आलेले. पहिला धक्का आमच्या फाटकातल्या स्पीडब्रेकरवरच बसला. हेराल्डनं मान डोलवली नाही. तिनं आम्हाला खालून लाथ मारली. भांडुपपर्यंत माझे दात वाजत होते. अण्णांनी एका हातानं दाराची मूठ धरली होती आणि दुसऱ्या हातानं मांडीवरची पिशवी, जणू पिशवीलाच लागेल. ते काही बोलले नाहीत. कांजूरमार्गला मी विचारलं, ‘‘अण्णा, त्रास होतोय का?’’

‘‘नाही रे. चांगली बसलीय गाडी रस्त्यावर,’’ अण्णा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ते तयार होऊन खुर्चीत बसले होते. पिशवी मांडीवर होती. मी किल्ली उचलली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘आज लोकलनं जाऊ या का? बरेच दिवसांत लोकल पाहिली नाही.’’

अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, मणका खचलेला माणूस सकाळी दहा वाजता मुलुंड स्टेशनचा जिना चढायला तयार होता, पण स्वतःच्या गाडीत बसायला तयार नव्हता. आणि मुलाचे पैसे वाया गेले हे मुलाला कळू नये म्हणून त्याला लोकलची आठवण झाली होती. वाचकहो, मला जन्मात इतकी लाज एकदाच वाटली. फिजिओथेरपिस्टला फोन करून त्या दिवशी येत नाही म्हणून सांगितलं आणि एकटाच मेस्त्रींकडे गेलो.

मेस्त्रींनी लाल शॉकअपांकडे बघितलं. रागावले नाहीत. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचतात तसं शांतपणे बघितलं. मी म्हटलं, ‘‘कळ फिरवून मऊ करू या की. बारा क्लिक आहेत.’’

‘‘शून्यावर आणा साहेब, तरी आपल्या गाडीला जास्तच,’’ ते म्हणाले. ‘‘हा शॉकअप कडक स्प्रिंगवाल्या, खाली बसवलेल्या गाडीचा. आपली स्प्रिंग नरम. नरम बाईला एवढा कडक नवरा कशाला?’’

मग त्यांनी मला जे समजावलं ते कडक पंथाच्या पोथीत कुठेही लिहिलेलं नाही. शॉकअपला दोन कामं असतात : चाक वर येताना अडवणं आणि खाली जाताना अडवणं. खाली जाताना तो जास्त अडवतो, ते बरोबरच आहे. पण फार अडवलं तर काय होतं? एका खड्ड्यात स्प्रिंग दबली. ती उलगडून पूर्ववत व्हायच्या आत दुसरा खड्डा आला. मग अर्धवट दबलेली स्प्रिंग आणखी दबली, तोवर तिसरा. असं करत करत गाडी खाली खाली बसत जाते आणि शेवटी स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. शर्यतीच्या रस्त्यावर खड्डा एकटा येतो. आपल्याकडे तो बिऱ्हाडासकट येतो. त्यात भर गॅसची. तो दाबाखालचा गॅस दट्ट्याला सतत बाहेर रेटत असतो. जड गाडीला ते जाणवत नाही, पण आठशे किलोच्या हेराल्डला तो सदैव चवड्यांवर उभी ठेवतो.

इथे इंजिनियरसाहेबांनी हरकत घेतली, आणि ती योग्य होती. हेराल्डच्या मागच्या चाकांची रचना नाजूक आहे. आडवी एकच पाटा-स्प्रिंग आणि झुलणारे अर्धे अर्धे ॲक्सल. वळणावर जोरात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला तर मागचं चाक आत दुमडू पाहतं आणि गाडीचं बूड बाहेर पळतं. ‘‘म्हणजे मागे ढिलं ठेवून चालणार नाही,’’ ते म्हणाले. बरोबर. मी ढिल्याची वकिली करतच नाही. मेलेला शॉकअप हा कडक शॉकअपपेक्षा वाईट. त्यावर चाक रस्त्यावरून उड्या मारतं आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नसतो, गाडी थांबायला जास्त अंतर घेते. समोर शाळेतलं पोर असेल तर त्या अंतराला फार मोठी किंमत असते. माझं म्हणणं एवढंच, की शॉकअप स्प्रिंगच्या मापाचा हवा, मालकाच्या मिशीच्या मापाचा नको.

शेवटी निवड झाली ती सगळ्यात कंटाळवाण्या वस्तूची. साधा, तेलाचा, दुहेरी नळीचा, कारखान्यातून गाडी निघताना जसा होता तशा धाटणीचा शॉकअप. बहीण इंग्लंडात प्रसिद्ध झाल्याचा फायदा असा, की तिच्यामुळे थोरलीचे भागही तिथे अजून बनतात. मेस्त्रींनी आधी जुने शॉकअप काढून पट्टीनं मापं घेतली : पूर्ण दाबल्यावर किती, पूर्ण ताणल्यावर किती, बोल्टाचं भोक केवढं. ही लांबी चुकली की चाक एकतर आधीच अडतं, नाहीतर जास्त खाली लोंबतं. कागदावर नुसतं ‘हेराल्डला बसेल’ लिहिलेलं असून भागत नाही. जावई नुसता जातीतला असून भागतं का?

पार्सल आलं, कस्टमची ड्यूटी भरली (तो वेगळ्या लेखाचा विषय आहे) आणि मेस्त्री कामाला लागले. पुढचे शॉकअप स्प्रिंगच्या पोटात असतात. ती स्प्रिंग दाबायचा शिकंजा लावताना त्यांनी आम्हा सगळ्यांना गॅरेजच्या बाहेर काढलं. ‘‘ही सुटली तर छपरातून जाते,’’ म्हणाले. आणि काढलेल्या सांगाड्यातून त्यांनी मला काही रबरी बुश दाखवले, वाळलेल्या भाकरीसारखे चुरा झालेले. खडखडाटातला निम्मा वाटा त्यांचाच होता. चार रबरांचा दोष आम्ही चार शॉकअपांवर घालत होतो. अंधेरीत नवे लाल शॉकअप त्याच चुऱ्यावर बसवले होते. मेस्त्रींनी नवे रबर घातले, नवे शॉकअप उभे धरून चार-सहा वेळा हातानं वरखाली केले, आतली हवा जावी म्हणून. आणि शेवटचे बोल्ट आवळले ते गाडी जॅकवरून उतरवून तिच्या चाकांवर उभी केल्यानंतर. लोंबत्या गाडीचे बोल्ट आवळले तर रबर जन्मभर पिळवटलेलं राहतं.

आता कडक पंथ म्हणेल, तुझ्या एका म्हाताऱ्यासाठी आम्ही आमची हौस सोडायची का? मुळीच नाही. पण गाडी घेताना आपण चालवणाऱ्याच्या सीटवर बसून विचार करतो, आणि गाडी सजवताना तर रस्त्यावर उभ्या असलेल्या बघ्याच्या जागेवरून. डाव्या सीटवर बसणाऱ्याचा विचार कुणीच करत नाही. कारण तो बोलत नाही. तो म्हणतो, ‘चांगली बसलीय गाडी’, आणि दाराची मूठ घट्ट धरतो. घर असो, ऑफिस असो, आपल्या कडकपणाची परीक्षा तिथे व्हावी.

आणि राहता राहिला रस्ता. मऊ का कडक या वादात आम्ही इतके रंगलो, की शॉकअप मुळात एवढे लवकर मरतात का, हे विचारायचं राहूनच गेलं. चांगला रस्ता मिळणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ साली सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं खड्ड्यामुळे जीव गेला तर कुटुंबाला ६ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. स्पीडब्रेकर कसा असावा याचंही इंडियन रोड्‌स काँग्रेसनं १९८८ सालीच माप दिलेलं आहे : उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे गाडीनं अलगद चढून अलगद उतरावं. आमच्या सोसायटीच्या फाटकातला ब्रेकर मी टेप घेऊन मोजला. उंची बरोबर निघाली. रुंदी माझ्या पावलाएवढी. तो आमच्याच कमिटीनं बांधून घेतला आहे आणि ठरावावर माझी सही आहे. तेव्हा बोट दाखवायला मला फार लांब जायला नको.

मुंबईकराच्या सोशिकपणाचं कौतुक करणारी भाषणं ऐकली की मला ती तेलाची नळी आठवते. धक्का आवरला तरी तो नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. रस्त्यावर सोसलेली उष्णता आम्ही घरी घेऊन येतो आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणून बाहेर काढतो. त्यापेक्षा ती एखाद्या तक्रार अर्जात उतरली तर काय वाईट? मी पहिला अर्ज आमच्या कमिटीलाच केला आहे. पुढच्या सभेत चर्चेला येईल. मेव्हण्याचं म्हणणं, गाडी विकली तर अर्जाची गरज उरणार नाही.

पुढच्या मंगळवारी मी अण्णांना काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, ‘‘लोकलला गर्दी असेल, गाडीनंच जाऊ.’’ ते बसले. मूठ धरली. फाटकातल्या ब्रेकरवर गाडी चढली, उतरली, एकदा मान हलवली आणि शांत झाली. नाहूर गेलं, भांडुप गेलं. विक्रोळीच्या खड्ड्यात पुन्हा एकदाच मान. मी तिरक्या नजरेनं बघितलं तर अण्णांचा हात मुठीवरून उतरून पिशवीवर आला होता.

‘‘आता बरोबर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘होकार एकदाच द्यावा.’’

लाल शॉकअप आमच्या माळ्यावर आहेत. जवळजवळ नवे, बारा क्लिक, रंग शाबूत. कडक पंथाच्या कुणालाही मी ते निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे. बायकोला सांगितलेल्या निम्म्या किमतीत, खऱ्या नव्हे. अट एकच. घेणाऱ्यानं आधी ते स्वतःच्या गाडीला लावून, डावीकडच्या सीटवर बसून, मुलुंड ते घाटकोपर यायचं. मांडीवर पिशवी मी देईन.